मृदुलाचं ‘थोडंसं’

“मावशी, आई इज गॉन. कॅन यू कम?” फोनवर मृदुलाच्या गार्गीचा आवाज अगदी सपाट होता. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ वाजलेले, आणि मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होते. “आले बेटा,” म्हटलं, आणि फावडं तिथेच टाकून बर्फाच्या बुटांनी तशीच गाडीत बसले. मृदुलाचं घर आमच्यापासून सात मिनिटांवर. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत राहायला आल्यापासून तो रस्ता मी इतक्या वेळा तुडवलाय, पण त्या दिवशी कुठल्या सिग्नलला थांबले, कुठल्या नाही, काही आठवत नाही. दार तिच्या नवऱ्याने, हेमंतने उघडलं. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. रडू आलं नाही, दोघांनाही. मग त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “तू तर सगळं सांगितलं होतंस त्या डॉक्टरला, शैला. त्यांनीच ऐकलं नाही.” मी मान खाली घातली. त्याला वाटलं मी दुःखाने घातली... मी त्या डॉक्टरला काहीच सांगितलं नव्हतं. मृदुला गेल्याचं दुःख आहेच, ते आता जन्माचं आहे. पण हे सगळं असं लिहितेय ते हेमंतच्या त्या एका वाक्यामुळे.

मी नागपूरची, तोंडाने फटकळ. रेस्टॉरंटमध्ये चहा गार आला तर परत पाठवते. पार्किंगमध्ये कोणी रेघ सोडून गाडी लावली तर काच ठोठावून सांगते. ऑफिसात अठ्ठावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि तोंडावर सांगायच्या, त्याचाच पगार मिळतो. मृदुला सांगलीची, माझ्या अगदी उलट. एकोणीस वर्षांपूर्वी शाळेच्या बसथांब्यावर भेटली. तिची गार्गी आणि माझा सोहम, दोघंही बालवर्गात. जानेवारीतली थंडी, आणि ही बाई नवऱ्याचं गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट घालून उभी, डोक्याला ओढणी, ओठ जांभळे पडलेले. मी विचारलं, “थंडी वाजतेय का हो?” तर हसून म्हणाली, “किंचित.” किंचित! उणे पंधरा होतं बाहेर. मी तिला ओढत माझ्या गाडीत बसवलं आणि हीटर लावला. तिचे दात इतके वाजत होते की पुढची पाच मिनिटं तिला बोलताच आलं नाही. त्याच आठवड्यात आम्ही ‘अहो’वरून ‘अगं’वर आलो.

सांगलीत ती शाळेत मराठी शिकवायची. इथे हेमंतच्या व्हिसावर आलेली बायको, म्हणून तिला काम करायची परवानगी नव्हती. आमच्यातल्या कितीतरी जणी त्यातून गेल्या आहेत. कोणी केक शिकलं, कोणी भरतनाट्यम् शिकवलं, कोणी नुसतीच खिडकीत बसून वाळली. मृदुला गावच्या लायब्ररीत जाऊन बसायची. तिथे एक निवृत्त प्राध्यापक बाई मंगळवारी सकाळी जुनी इंग्रजी शिकवायच्या. जुनी म्हणजे हजार वर्षांपूर्वीची, आजच्या गोऱ्यांनाही ओ की ठो कळणार नाही अशी. सुरुवातीला आठ जण होते, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगपर्यंत तीन उरले. त्यातली एक ही. मी म्हटलं, “अगं, आधी आजची इंग्रजी बोल नीट. ग्रोसरीच्या लाइनीत कोणी चुकीचं बिल केलं तर तुझं तोंड उघडत नाही, आणि हजार वर्षांपूर्वीच्या मेलेल्या लोकांशी काय बोलणार आहेस?” ती म्हणाली, “ते तरी माझ्या उच्चाराला हसणार नाहीत.”

आणि मग एका मंगळवारी ती माझ्या दारात उभी. गाल लाल, हातात वही. चहा टाकायच्या आधीच बोलायला लागली. त्या भाषेत म्हणे एक शेपूट होतं. शब्दाला लावलं की वस्तू लहान व्हायची. हूस म्हणजे घर, आणि हूसिंकेल म्हणजे इवलंसं घर. “घरकुल गं, शैला! अगदी आपलं घरकुल!” स्टान म्हणजे दगड, स्टानिंकेल म्हणजे खडा. राप म्हणजे दोर, रापिंकेल म्हणजे दोरी. शिपिंकेल म्हणजे होडकं. पुढे ते शेपूट वापरातून गेलं आणि हे सगळे शब्द मेले. इतर काही तऱ्हा मात्र टिकल्या. बदकाच्या पिल्लाचं डकलिंग राहिलं, टेकडीचं हिलक राहिलं, कोकराला लाडाने लॅम्बकिन म्हणतात तेही राहिलं. “आणि स्मॉल आहे ना, त्याचा अर्थ तेव्हा बारीक, निमुळता असाही होता.” मी माझ्या कंबरेवर हात ठेवून म्हटलं, “मग मी तेव्हापासूनच स्मॉल नव्हते म्हण की.” इतकी हसली की चहा उतू गेला. मला तिची ती वही काही कळली नाही, खरं सांगते. पण व्हिसा, बर्फ, सासूचे फोन, या सगळ्यात आक्रसून गेलेली ही बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलताना ऐकली.

तिथून तिचा नाद सुरू झाला. वस्तू लहान करणारे शब्द गोळा करायचे. पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान अशी जाड कार्डं, प्रत्येकावर एक जुना इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, तो कुठे सापडला ते, आणि खाली मराठीतला त्याच्या जवळचा शब्द. कार्डं मिठाईच्या रिकाम्या डब्यांतून उभी लावलेली. बर्फीचा डबा म्हणजे जनावरांची पिल्लं, काजूकतलीचा म्हणजे घर आणि भांडीकुंडी. मराठी शब्दांसाठी ती आम्हा सगळ्यांना पिळायची. एकदा मी भर मीटिंगमध्ये, तर हिचा फोन. “शैला, तुमच्याकडे नागपूरला लहानशा टेकडीला काय म्हणतात?” मी म्हटलं, “टेकडीच म्हणतात बाप्पा! टेकडी म्हणजेच लहान. आणखी किती लहान करशील?” “बरं, आणि लहान मुलाला?” “पोट्टं. आणि त्यात तुझं प्रेमबीम काही नसतं.” तिने तेही कार्डावर घेतलं, ‘पोट्टं, नागपूर, प्रेम असतेच, शैला कबूल करत नाही.’ तिला सापडलेला सगळ्यात आवडता शब्द होता ल्युटलिंग. म्हणजे इटुकलं, तान्हं मूल. गार्गी चोवीस वर्षांची झाली, बॉस्टनमध्ये नोकरीला लागली, तरी ही फोनवर तिला ल्युटलिंगच म्हणायची. गार्गी म्हणायची, “आई, यू आर सो वीअर्ड,” आणि फोन मात्र ठेवायची नाही.

एकदा मी तिला विचारलं, की तुला हे मेलं लहानच का आवडतं? जगात एवढे मोठे शब्द पडलेत. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी संपवली, मग म्हणाली, “माणूस कशाला लहान करतो, माहितीये का? जे ओंजळीत मावावं असं वाटतं त्याला. नाहीतर ज्याची भीती वाटते त्याला.” मी म्हटलं, “जास्त शहाणपणा नको, पराठे कर.” तेव्हा थांबून ऐकायला हवं होतं मी.

कारण ही बाई शब्दच नाही, स्वतःचं सगळंच लहान करायची. गाडी मीच शिकवली तिला. एका दुपारी फोन आला, “शैला, गॅरेजच्या दाराला जरासं लागलं गं.” जाऊन बघते तर बंपर लोंबतोय आणि दाराला आत शिरता येईल एवढं भोक. कधी म्हणाली, थोडंसं भाजलं, तर मनगटापासून कोपरापर्यंत फोड. तिची आई सांगलीला अत्यवस्थ होती तेव्हा यांचे कागद ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेले. वकील म्हणाला, आता गेलात तर परत येता येईल याची खात्री नाही. ती गेली नाही. आईला अग्नी दिला, तो तिने फोनच्या पडद्यावर बघितला. माझ्याच सोफ्यावर बसून. मी रडून रडून बेजार, आणि ही मला पाणी आणून देते! “अगं, छोटंसंच दुखणं होतं तिचं, फार नाही भोगलं.” मला तेव्हाच तिची भाषा कळली होती. ती ‘जरासं’ म्हणाली की अँब्युलन्स बोलवायची आणि ‘थोडंसं’ म्हणाली की सगळी कामं टाकून निघायचं. आपल्याकडे बायका असंच बोलतात, मलाही माहीत आहे. माझी आईही तापाने फणफणलेली असली की कणकण आहे म्हणायची. आपल्याला ते चांगल्या घरचं वळण वाटतं. घरात कोणीतरी ते बोलणं उलट करून घेणारं असतं, म्हणून निभावतं. इथे मृदुलाच्या बाबतीत ते माझं काम होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टपासून तिचं पोट दुखायला लागलं, आणि पाठ. सप्टेंबरात डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली, नेमका हेमंत त्या आठवड्यात सांता क्लाराला कामासाठी गेलेला. त्याने मला तिथून फोन केला. “शैला, तू जा तिच्याबरोबर. आणि प्लीज सांग त्यांना, ती दोन आठवडे आडवी झोपलेली नाही. खुर्चीत बसून झोपते. जेवण अर्ध्यावर आलंय. ती सांगणार नाही, तू सांग.” मी म्हटलं, “तू काळजी नको करू. माझं तोंड माहितीये ना तुला?” अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी तिला न्यायला गेले. गाडीत तिने सीटबेल्ट पोटापासून दूर धरला होता, सगळा रस्ता, दोन्ही हातांनी. मी बघितलं. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला. “हेमंतने काय काय सांगितलं असेल मला माहितीये. ते सगळं आत सांगत बसू नकोस हं. उगाच बाऊ करतो तो. मला ओशाळल्यासारखं होतं परक्यासमोर.” मी म्हटलं, “बरं.” असं पटकन मी आयुष्यात कोणाला बरं म्हटलेलं नाही.

डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याची काही चूक नव्हती, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. त्याने घाई केली नाही. नीट विचारलं, एक ते दहामध्ये दुखणं किती? मृदुलाने थोडा विचार केला, भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर करावा तसा, आणि म्हणाली, “थ्री. मेबी टू.” त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “इज शी ऑलवेज धिस टफ?” असं मला विचारलं त्याने. मला! दार उघडून दिलं होतं त्याने माझ्यासाठी. आणि मी, जी गार चहा परत पाठवते ती मी, हसले. म्हणाले, “शी नेव्हर कम्प्लेन्स.” आणि अभिमानाने म्हणाले हो, त्याची जास्त लाज वाटते. आमची मैत्रीण कशी सोशीक, त्याचं कौतुक करून दाखवलं परक्या माणसाला. मृदुलाने माझ्याकडे बघून डोळे मिटले, थँक्यू म्हटल्यासारखे. त्याने आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या, सहा आठवड्यांनी या म्हणाला. परत येताना आम्ही इडली खाल्ली. म्हणजे मी खाल्ली. हेमंतचा फोन आला तेव्हा मी तिला घरी सोडून गाडीतच होते. “सांगितलंस ना सगळं?” “हो रे, सांगितलं.” तेवढं एक खोटं. त्या क्षणी ते अगदी किरकोळ वाटलं होतं.

सहा आठवड्यांच्या आतच तिला उभं राहता येईना. मग स्कॅन झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर... आणि तोवर यकृतातही. मी नंतर एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना एकटीने गाठून विचारलं, की सप्टेंबरात कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही, कदाचित थोडा जास्त वेळ मिळाला असता, कदाचित नाही. हे ‘कदाचित नाही’ धरून मी जगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. ते धरवत नाही. थोडा जास्त वेळ म्हणजे काय? म्हणजे एप्रिलमध्ये गार्गीला प्रमोशन मिळालं ते तिला कळलं असतं. म्हणजे परसातल्या झाडाला पालवी फुटलेली तिने एकदा बघितली असती. मला तेवढंही पुष्कळ होतं.

शेवटचा महिना तिला घरीच ठेवलं होतं. जेवणाचं टेबल काढून तिथे पलंग लावला, खिडकीपाशी. रोज दुपारी नर्स यायची आणि तोच प्रश्न विचारायची, एक ते दहामध्ये किती? पहिले काही दिवस मृदुला चार म्हणायची, पाच म्हणायची. एके दिवशी हेमंत औषधं आणायला गेला होता, मी तिचे पाय चेपत होते. नर्सने विचारलं, आणि मृदुला म्हणाली, “टेन.” हळूच, लायब्ररीचं पुस्तक परत करायला उशीर झाल्याचं सांगावं तसं म्हणाली. मी तिचे पाय सोडून स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले. आमच्या एकोणीस वर्षांत तिने स्वतःचं काही पहिल्यांदा आहे तेवढंच सांगितलं होतं.

नर्स गेल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, “मृदुला, त्या दिवशी क्लिनिकमध्ये मी बोलायला पाहिजे होतं. हेमंतने सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. मी बोलले नाही. आणि त्याला सांगितलं की बोलले.” औषधाने तिचे डोळे जड झाले होते. मला वाटलं ऐकलंच नाही. मग तिने बोटं हलवली, मी हात दिला. म्हणाली, “एवढंसं तर होतं गं ते.” मी म्हटलं, “नव्हतं एवढंसं.” ती म्हणाली, “हेमंतला नको सांगूस. उगाच...” आणि वाक्य अर्ध्यावर सोडून झोपली. मला माफ करायचं म्हणून तिने माझी चूकही लहान करून टाकली, स्वतःचं दुखणं करायची तशीच. पार्किंगमध्ये तिचं ऐकलं होतं मी. आता पुन्हा तेच ऐकायचं होतं. नंतर ती दहा दिवस होती. आम्ही त्यावर बोललो नाही.

अंत्यविधीला हेमंतने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाला, शैला बहिणीसारखी उभी राहिली, तिने डॉक्टरला सगळं बजावून सांगितलं होतं, पण आपल्या बायकांचं इथे कोणी ऐकत नाही. लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवले. दोघीतिघी म्हणाल्या, आपल्याला तुझ्यासारखी मैत्रीण हवी. मी तिथे उभी राहून ते घेतलं. काय काय घेतं माणूस! पुढे एप्रिलच्या अखेरीला हेमंतचा फोन आला, आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मृदुलावर काहीतरी लिही, तुझ्याइतकं तिला कोणी ओळखत नाही. मी बसले लिहायला. बसथांबा लिहिला, लायब्ररी लिहिली, डबे लिहिले, आणि सप्टेंबरपाशी येऊन थांबले. तीन वेळा तो परिच्छेद गाळून बघितला. गाळला की लेख छान होत होता. मृदुलाची इच्छाही तीच होती. पण मग मला कळेना, की तिचं ऐकायचं म्हणजे नक्की किती वेळा ऐकायचं? एकदा ऐकलं त्याचं काय झालं ते मी बघितलंय. आणि हेमंत त्या बिचाऱ्या डॉक्टरला रोज शिव्या घालतोय.

म्हणून छापायला देण्याआधी मी त्याच्याकडे गेले. शनिवारची दुपार होती. गार्गी बॉस्टनला परत गेली होती. पलंग नेला होता, टेबल अजून परत लावलं नव्हतं, गालिच्यावर चाकांच्या चार खुणा. त्याने चहा केला, फार गोड. मी बसलेही नाही. उभ्यानेच सांगितलं सगळं, पार्किंगपासून ‘शी नेव्हर कम्प्लेन्स’पर्यंत, आणि गाडीतलं खोटंही. काही सावरलं नाही. तो ऐकत होता, कप हातात धरून. मग म्हणाला, “खुर्चीत झोपते, ते? तेही नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “नाही.” “जेवणाचं?” “नाही रे.” त्याने कप सिंकमध्ये ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तिने तुझा हात धरून मागितलं असतं तर तूही गप्प बसला असतास, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. ते त्याने म्हणावं अशी वाट मात्र बघत होते, आशाळभूतासारखी. त्यानेही म्हटलं नाही.

“लेख छाप,” तो म्हणाला. “आहे तसा छाप. काही गाळू नकोस.” मी म्हटलं, “आणि आपण?” तो वळला. इतका थकलेला चेहरा मी त्याचा फेब्रुवारीतसुद्धा पाहिला नव्हता. म्हणाला, “मला थोडा वेळ दे, शैला.”

मृदुला ‘थोडं’ म्हणाली की ते किती असायचं, ते मला अचूक कळायचं. हेमंतचं थोडं किती असतं, मला माहीत नाही. आज तीन आठवडे झाले.